उघडा राहिलेला हूक

नाटक बघून घरी गेलेल्या माणसाला खुर्ची आठवली नाही, की समजावं फिटरने काम चोख केलं. कंबर, गुडघा, कोपर यांतलं काहीच ज्याला तीन तासांत जाणवलं नाही, तेच आमचं खरं समाधानी गिऱ्हाईक. तो आपल्याला शोधत येऊन कधी शाबासकी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी जबलपुरात पस्तीस वर्षं टॉकीजच्या आणि सभागृहांच्या खुर्च्या बसवल्या. सदर भागात माझं छोटं वर्कशॉप होतं. कागदोपत्री माझं नाव वामन, पण बाजारात विचाराल तर ‘कुर्सीवाले भैया’ म्हटल्याशिवाय कोणी घर दाखवणार नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खुर्ची ती खुर्ची, त्यात काय एवढं. घरातली खुर्ची सरकवता येते. हॉलमधली सरकत नाही. दोन खुर्च्यांच्या मध्ये मिळून एक लोखंडी पाय असतो आणि तो जमिनीत बोल्टने गाडलेला असतो. म्हणजे एकाची चूक शेजाऱ्यालाही भोवते. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते, ती काही लाडाकोडासाठी नाही. दोन रांगांमधली वाट मुळात वीतभर. बैठका खाली राहिल्या तर त्या वाटेने मांजरही धड जाणार नाही. बैठक वर गेली, की माणूस बाहेर पडू शकतो. आमचं सगळं काम शेवटी या बाहेर पडण्यासाठी असतं, हे मला फार उशिरा कळलं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आम्ही नुसतं उस्ताद म्हणत असू. त्यांचा एक नियम होता, तोही त्यांनी समजावून वगैरे सांगितला नाही, मानेवर टपली मारत पाठ करून घेतला: “हाथ हटा, चीज़ वापस.” खुर्चीला जे काही लावाल, बैठक म्हणा, हात टेकायची पट्टी म्हणा, लिहायची फळी म्हणा, माणसाचा हात सुटला की ती वस्तू आपसूक जागेवर गेली पाहिजे. माणूस बंद करेल या भरवशावर काहीही सोडायचं नाही. माणूस करत नसतो.

शहपुऱ्याला एका टॉकीजचे मालक होते, स्वभावाने देवमाणूस. त्यांना बैठका वर जाताना होणाऱ्या आवाजाचा भारी त्रास. इंटरव्हलला फटफट फटफट, त्यांचं डोकं उठायचं. “स्प्रिंगच काढून टाक ना भैया,” म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून एका रांगेच्या काढून घेतल्या आणि पुढच्याच रविवारी त्या रांगेत तिघे जण एकमेकांवर कोसळले. कोणाला फार लागलं नाही, पण मालक स्वतः स्कूटरवरून मला न्यायला आले. मी सगळ्या स्प्रिंगा परत घातल्या आणि खाली रबराच्या गाद्या लावून आवाज बंद केला. त्यानंतर बरीच वर्षं मी हा किस्सा चारचौघांत मिरवला. नियम मोडणारे दुसरे असतात, अशी माझी पक्की समजूत होती.

आता मी केलेल्या एका आरशाकडे येतो.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलच्या खुर्च्या मीच बसवलेल्या. बाकीची कामं सोडल्यावरही त्यांची देखभाल माझ्याकडे होती. कार्यक्रमाच्या दिवशी मी दाराशी उभा असायचो. तेव्हा एक गोष्ट दर वेळी दिसायची. आमच्याकडे बायका स्कूटरवर निघताना तोंडाला ओढणी गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. हॉलवर पोचून ती सोडली की केस विस्कटलेले, टिकली भलतीकडे, गजरा चेपलेला. मग बाथरूममधल्या एकुलत्या एक आरशासमोर ही रांग. पहिली घंटा होते, दुसरी होते, रांग हलत नाही. शिवाय प्रत्येकीच्या हातात पर्स, हेल्मेट, थंडी असली तर शाल. नाटकभर ते सगळं मांडीवर.

म्हणून मी एक वस्तू केली. पोस्टकार्डाएवढी लोखंडी पेटी, पुढच्या खुर्चीच्या पाठीत बसवलेली. आत न फुटणारा आरसा, बोटाने ओढला की समोर येणारा. त्याच्याखाली एक हूक. पर्स अडकवली की वजनाने खाली राहणार, पर्स काढली की आत जाणार. दोन्ही एकाच पिनेवर फिरायचे आणि पिनेवर स्प्रिंग. हात सुटला की आरसा आत, वजन सुटलं की हूक आत. उस्ताद असते तर त्यांनीही मान हलवली असती. मी एका महिन्यात सगळ्या हॉलला त्या लावल्या.

बायकांना वस्तू आवडली, पण आठवड्याभरात नलूताई वर्कशॉपवर आल्या.

नलूताई म्हणजे आमच्या मंडळाचं नाटक. शाळेत मराठी शिकवायच्या, त्या शाळेत तो विषयच बंद झाल्यावर हिंदी शिकवू लागल्या, पण मंडळातल्या मुलांची नाटकं त्यांनी तीस वर्षं बसवली. इथली मुलं घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. त्यांच्या तोंडून चार पानं मराठी संवाद काढून घेणं सोपं नाही. नलूताई सत्तरी ओलांडल्यावरही ते करत होत्या. सदरपर्यंत पायी यायच्या, पायीच परत जायच्या, आणि वाटेत ऑटोवाल्याने विचारलं तर त्यालाच दोन गोष्टी सुनवायच्या.

“वामन, तुझा आरसा चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “पण तो धरून ठेवावा लागते. एका हाताने आरसा धरू, मग गजऱ्याला पिन कोणत्या हाताने लावू? तिसरा हात कुठून आणू?”

“ताई, तो आपोआप बंद व्हायलाच पाहिजे.”

“काहून? बायकांना बंद करता येत नाही का? एवढ्या शिकल्यासवरल्या बाया बसतात तिथे.”

नलूताईंशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. मला त्या वस्तूचं कौतुक हवं होतं. जन्मभर ज्याची आठवण कोणी ठेवू नये असं काम केलं, आणि म्हातारपणी प्रथमच बायका ‘वामनचा आरसा’ म्हणून नाव घेत होत्या. मी स्प्रिंगा काढल्या, पिनेवर घट्ट वॉशर चढवले. आरसा आता ठेवाल तिथे थांबायचा. दोन्ही हात मोकळे.

पिन मात्र एकच होती. आरसा थांबला, तसा हूकही थांबू लागला. पर्स काढली तरी तो बाहेरच. हे मला चाचणीत दिसलं नाही, आणि का दिसलं नाही ते ऐकण्यासारखं आहे. खुर्च्यांचा फिटर रांगेतून चालतो तेव्हा त्याचा हात आपोआप सगळं मिटवत जातो. उघडी फळी दिसली, मिटली. तिरकी पट्टी दिसली, सरळ केली. वर्षानुवर्षांच्या सवयीने डोक्याला पत्ताही नसतो. मी प्रत्येक हुकाला पिशवी अडकवली, काढली, आणि पुढच्या खुर्चीकडे जाता जाता माझ्याच अंगठ्याने हूक आत ढकलला. सगळे हूक बंद. काम पास.

पहिल्या कार्यक्रमानंतर रिकाम्या हॉलमधून फिरलो तेव्हा अर्ध्याहून अधिक हूक बाहेर आलेले दिसले. चूक तिथेच कळली. दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा परत घालायच्या, एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. बायका परत नाराज होतील, नलूताई परत येतील, कशाला. प्रत्येक कार्यक्रमानंतर मी स्वतः रांगारांगांतून जाऊन हूक मिटवू लागलो. स्प्रिंग काढून तिच्या जागी मीच उभा राहिलो, असं म्हणा. फक्त मी कार्यक्रम संपल्यावर यायचो, आणि हूक तर कार्यक्रम चालू असताना उघडे असायचे.

संक्रांतीच्या सुमाराचं नाटक. कडाक्याची थंडी, हॉल भरलेला, प्रत्येक हुकावर काहीतरी लटकलेलं. दुसऱ्या अंकात स्टेजमागच्या एका वायरने धूर सोडला आणि कोणीतरी शहाणपणा करून मेन स्विचच बंद केला. मिट्ट काळोख. आग नव्हतीच, पण धुराचा वास पुरे होतो. लोक उठले. पर्सा, हेल्मेटं काढून घेतली आणि निघाले. आरडाओरडा फारसा झाला नाही, मंडळाची माणसं शिस्तीची. मी बॅटरी घेऊन आत शिरलो तो ‘जी’ नंबरच्या रांगेतून कोणीतरी पडल्याचा आवाज आला.

नलूताई दोन रांगांच्या मध्ये कुशीवर पडल्या होत्या. त्यांच्या शालीचं एक टोक एका हुकाला घट्ट बसलं होतं. त्या पुढे निघाल्या, शाल मागे राहिली, खांद्याला हिसका बसला आणि त्या वळून आपटल्या. हे सगळं बॅटरीच्या उजेडात मला एका नजरेत कळलं. मी वाकलो, शालीचं टोक सोडवलं, आणि माझ्या अंगठ्याने हूक आत ढकलला. खरं सांगतो, तेव्हा लपवायचं मनात नव्हतं. हाताने नेहमीचं काम केलं, बस्स. लपवणं त्यानंतरच्या क्षणी झालं.

“ताई, काय झालं?”

“पाय घसरला रे,” त्या म्हणाल्या. “कसा काय घसरला…”

मी म्हणालो, “अंधार होता ना ताई.”

चार शब्द. त्यानंतर लोक जमले, ऑफिसातल्या सुट्या खुर्चीवर बसवून त्यांना बाहेर नेलं, आणि बोलायची वेळ निघून गेली असं मी स्वतःला सांगितलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. त्याच आठवड्यात मी हॉलमधल्या सगळ्या पेट्या उतरवल्या. कमिटीने विचारलं तर म्हणालो, आरसे धुरकट झाले. कोणालाही शंका आली नाही. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर चार भोकं राहिली, ती मी पुट्टी भरून बुजवली आणि वर रंग दिला.

डॉक्टरांनी नलूताईंना चालायला सांगितलं होतं. त्या चालल्या नाहीत. हाड जुळलं, पण त्यांना वाटत होतं की हाड हे कारणच नाही. आपला पाय सपाट जमिनीवर, ओळखीच्या रांगेत घसरला, तर तो पुन्हा कुठेही घसरेल. त्यांची सून ममता, माहेरची तिवारी, मनाने फार चांगली. तिने माझ्यासमोरच जाहीर केलं, “मम्मीजी अब अकेली कहीं नहीं जाएँगी. बस, हो गया.” नलूताई एरवी अशा वाक्याला काय बोलल्या असत्या, ते मी लिहायला नको. त्या दिवशी त्यांनी नुसती मान डोलावली. मुलांची नाटकं थांबली. दुसरं कोणी ती बसवायला पुढे आलं नाही.

मी दर पंधरा दिवसांनी भेटायला जायचो. नागपूरहून आलेली संत्री न्यायचो. त्या सोलून मलाच खायला द्यायच्या आणि म्हणायच्या, “किती करतो रे तू.” तरी दोन वर्षं मी जात राहिलो आणि काही बोललो नाही. भित्रेपणाला दुसरं नाव शोधायचा मी बराच प्रयत्न केला, सापडलं नाही.

यंदा पावसाळ्याअखेर एकदा गेलो तर त्या पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंत निघाल्या होत्या. एक हात भिंतीवर. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “मी विचार करून राहिली होती वामन, मी लहानपणापासूनच वेंधळी असीन. शाळेत पायरीवर पडली होती एकदा. लग्नात पाट लागून पडली. भेडाघाटला संगमरवरावर घसरली, तेव्हा यांनी धरलं म्हणून वाचली. पहा ना, सगळं जुनंच आहे. माझ्याच लक्षात नाही आलं.”

बाई आपलं सगळं आयुष्य मागे जाऊन तपासत होती आणि जिथे तिथे स्वतःची चूक काढत होती. पायरीवर कोण पडत नाही? मी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक पिन, वॉशर, दर कार्यक्रमानंतर हूक मिटवणं, शाल, अंगठा. मध्ये थांबलो असतो तर परत बोललो नसतो.

त्या भिंतीला हात लावून तशाच उभ्या होत्या.

“शाल अडकली होती?”

“हो.”

“पाय नव्हता घसरला?”

“नाही ताई. तुमचा पाय ठीक होता.”

“आणि हूक तू बंद केला.”

“हो.”

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “दोन वर्षं मी स्वतःला वेंधळी म्हणून राहिली आणि तू संत्री आणून राहिला.”

मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतला. “नको. तू मला म्हातारी केलं, वामन. मी नव्हती.”

मग त्यांनी ममताला हाक मारली आणि मला तेच सगळं तिच्यासमोर हिंदीत पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यापासून. ममता ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटतं, तिला माझ्याहून स्वतःचाच राग आला असावा. त्या घरात चहा घेतल्याशिवाय मी कधी बाहेर पडलो नव्हतो. त्या दिवशी कोणी विचारलं नाही, आणि संत्र्यांची पिशवी ममताने माझ्या हातात परत दिली.

तीन आठवड्यांनी नलूताईंचा फोन आला. “हॉलची चावी घेऊन ये. दुपारी.”

ममताने त्यांना गाडीतून आणलं. त्याच ‘जी’ रांगेच्या टोकाशी काठी ममताकडे देऊन त्या म्हणाल्या, “मागे नको येऊ.” माझ्याकडे तर पाहिलंही नाही. पुढच्या खुर्च्यांच्या पाठी एकेक धरत त्या निघाल्या. पहिली, दुसरी, तिसरी. सहाव्या खुर्चीशी पाय थरथरू लागले. मी नकळत हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. बैठक स्वतः खाली दाबून त्या बसल्या. डॉक्टर काय म्हणाले ते ममताने मला आधीच सांगितलं होतं: हाड कधीच बरं झालंय, पण दोन वर्षं न चालल्याने पायातली ताकद गेली, ती आता या वयात किती परत येईल सांगता येत नाही. म्हणजे त्यांचा पायच दगा देतो हे मी चालू दिलेलं खोटं, मी कबूल करायला जाईपर्यंत खरं होऊन बसलं होतं.

दम खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “घरात सांगितलं, ते झालं. पण सदरपासून इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की नलूताई घसरली. पोरं मला ‘संभलके’ म्हणतात. त्यांना कोण सांगणार?”

“मी सांगतो ताई. एकेकाला जाऊन सांगतो.”

“काही नको. मंडळाचा दिवाळी अंक निघून राहिला ना? त्यात लिही. तुझ्या नावाने.”

मी लिहिलं आणि त्यांना दाखवायला नेलं. पहिल्या खर्ड्यात पाच पानं खुर्च्यांवर होती, टॉकीजमालकांच्या गमती होत्या, खुर्च्यांखाली सापडलेल्या कवळ्या आणि कर्णफुलं होती. शेवटी अर्ध्या पानात ‘एक दुर्दैवी अपघात घडला’ असं होतं. त्यांनी ते वाक्य लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘अपघात घडला नाही. कोणी केला ते लिही.’ दुसऱ्या खर्ड्यात मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्यांनी तोही परत केला. “हे तुझ्याबद्दल झालं,” म्हणाल्या. “माझ्याबद्दलचं वाक्य कुठे आहे?” हा तिसरा खर्डा. शहपुऱ्याचा किस्सा त्यांनी राहू दिला, बाकीचे गेले.

त्या अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. त्यांनी बोलावं, असं म्हणायचा मला हक्क नाही. हा अंक छापून आला की पहिली प्रत त्यांच्या हातात जाईल आणि त्या शेवटचं पान आधी उघडतील.

त्या संध्याकाळी नलूताई घसरल्या नव्हत्या. त्यांचा पाय ठीक होता आणि त्या नीट चालत होत्या. त्यांना मी पाडलं.